तिकिटावरचा जांभळा शिक्का कुणी पाहिलेला नाही: ‘पॉश’च्या गोष्टीचा प्रतिवाद

एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. फॅमिली ग्रुपवर येतो, इंग्रजी शब्दांच्या गमती सांगणाऱ्या व्हिडिओंत येतो, शाळेतल्या बाईही तो वर्गात सांगतात. मजकूर साधारण असा: ‘इंग्रजांच्या काळात साहेब लोक पी अँड ओ कंपनीच्या बोटीने विलायतेहून मुंबईला यायचे. उन्हाचा त्रास नको म्हणून पैसेवाले प्रवासी येताना बोटीच्या डाव्या, म्हणजे पोर्ट बाजूची केबिन घ्यायचे आणि परत जाताना उजव्या, म्हणजे स्टारबोर्ड बाजूची. पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम. त्यांच्या तिकिटावर पी, ओ, एस, एच ही चार अक्षरं जांभळ्या शाईने उमटवत. त्यावरून श्रीमंती थाटाला पॉश म्हणू लागले.’ शेवटी बहुतेक वेळा एक शेपूट जोडलेलं असतं: ‘स्टारबोर्ड म्हणजे तारे बघून वाट काढायची बाजू. आणि पोर्ट आणि लेफ्ट या दोन्ही इंग्रजी शब्दांत चारच अक्षरं, म्हणून डावीकडचं नाव पोर्ट.’

मुंबईचं नाव त्यात असल्यामुळे आपल्याकडे ही गोष्ट जरा जास्तच प्रेमाने पुढे ढकलली जाते. ती खरी नाही. तिच्यातला एक तुकडा अर्धा खरा आहे. तो कोणता, तेही सांगतो. पण आधी हे सांगायला हवं की ती मला एवढी का खटकते. पोर्ट आणि स्टारबोर्ड हे शब्द बोट हाकणाऱ्यांचे आणि माल चढवणाऱ्यांचे आहेत. ही गोष्ट ते शब्द त्यांच्या हातून काढून घेते आणि केबिनमध्ये पहुडलेल्या साहेबाच्या तिकिटावर नेऊन ठेवते.

शेपटापासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात सोपं उत्तर तिथे आहे. स्टारबोर्डमध्ये तारा नाही. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘स्टेओरबोर्ड’ असा होता. ‘स्टेओर’ म्हणजे सुकाणू, ‘बोर्ड’ म्हणजे बोटीची कड. सुकाणूची बाजू, एवढाच अर्थ. पटत नसेल तर शेजारच्या भाषा बघा. जर्मनमध्ये ताऱ्याला ‘श्टेर्न’ म्हणतात, सुकाणू धरण्याला ‘श्टॉयर्न’, आणि बोटीच्या उजव्या बाजूला ‘श्टॉयरबोर्ड’. इंग्रजीत उच्चार झिजत झिजत दोन्ही शब्द जवळ आले. जर्मनमध्ये ते अजून वेगळे उभे आहेत, त्यामुळे घोटाळा व्हायला जागाच नाही.

सुकाणू उजवीकडे का, हा प्रश्न मात्र रास्त आहे. आपल्या डोळ्यांसमोर सुकाणू येतं ते बोटीच्या मागच्या टोकाला, मधोमध बसवलेलं. उत्तर युरोपातल्या जुन्या बोटींना तसं सुकाणू नव्हतंच. मागच्या बाजूला, उजव्या कडेवर, एक मोठं रुंद वल्हं बाहेरून बांधलेलं असे आणि सुकाणी ते धरून उभा राही. बहुतेक माणसं उजव्या हाताची, म्हणून वल्हंही उजवीकडे. नॉर्वेतल्या ओसेबर्गच्या टेकाडातून १९०४ साली एक वायकिंग जहाज खणून काढलं. साधारण इ.स. ८२० चं. ओकच्या लाकडाचं ते अख्खं जहाज, आणि त्याच्या उजव्या कडेला मागे ते सुकाणूचं वल्हं. स्टारबोर्ड या शब्दाचा अर्थ कुणाला डोळ्यांनी बघायचा असेल तर तो तिथे आहे. पुढे काही शतकांनी सुकाणू मागे मधोमध गेलं, बाजूचं नाव तेवढं राहिलं.

मग डावी बाजू. तिचं जुनं नाव पोर्ट नव्हतं, लार्बोर्ड होतं. त्याआधीचं रूप ‘लाडेबोर्ड’, म्हणजे माल भरण्याची बाजू. उजव्या कडेला वल्हं बाहेर आलेलं असताना ती बाजू धक्क्याला लावली तर वल्हं चेपून मोडणार. म्हणून बोट धक्क्याला लागायची ती डाव्या बाजूने. चढउतार तिकडून, माल तिकडून, बंदराकडे तोंडही त्याच बाजूचं. पोर्ट हे नाव बंदराकडची बाजू यावरून आलं. लेफ्ट आणि पोर्ट यांत चार अक्षरं असणं हा योगायोग आहे. नवख्या खलाशाला लक्षात ठेवायला बरा, पण नाव काही त्यावरून पडलेलं नाही.

लार्बोर्ड गेलं कसं, तेही बघण्यासारखं आहे. वारा सुटलाय, शिडं फडफडतायत, वरून कुणीतरी हुकूम ओरडतंय. ‘स्टारबोर्ड’ आणि ‘लार्बोर्ड’ यांतलं शेवटचं ‘आर्बोर्ड’ तेवढं ऐकू येतं, सुरुवात वाऱ्याबरोबर जाते. चूक झाली तर बोट खडकावर. सुकाणूच्या हुकमांत ‘पोर्ट’ हा आखूड, ठसठशीत शब्द आधीपासून वापरात होताच. १८४४ साली ब्रिटिश नौदलाने हुकूम काढून लार्बोर्ड रद्द केला आणि सगळीकडे पोर्ट म्हणा असं सांगितलं. अमेरिकेच्या नौदलाने १८४६ मध्ये तेच केलं. म्हणजे शब्द बदलला तोही कामाच्या गरजेने.

अर्थात हुकूम बदलला म्हणून सगळा गोंधळ मिटला असं नाही. शिडाच्या जहाजांवर सुकाणूचा दांडा उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे वळे, आणि हुकूम दांड्याला उद्देशून दिला जाई. पुढे चाक आलं तरी हुकमाची रीत तीच राहिली. १९१२ च्या एप्रिलमध्ये टायटॅनिकवर हिमनग दिसल्यावर ‘हार्ड अ-स्टारबोर्ड’ असा हुकूम सुटला आणि जहाजाचं तोंड वळलं डावीकडे. यात सुकाण्याची चूक नव्हती, रीतच तशी होती. ब्रिटिश जहाजांवर ती १९३० च्या दशकात बदलली.

आता उन्हाकडे येऊ. ‘येताना डावी आणि जाताना उजवी बाजू सावलीत असायची’ हा दावा. हाच तो अर्धा खरा तुकडा.

नकाशा समोर घ्या. टिल्बरी किंवा साउदम्प्टनहून निघालेली बोट बिस्केच्या उपसागरातून जिब्राल्टरला वळते. भूमध्य समुद्रात तोंड पूर्वेला. सूर्य दक्षिणेला, म्हणजे उजवीकडे. डावी बाजू सावलीत. इथपर्यंत गोष्ट बरोबर. पण भूमध्य समुद्रात उकाड्याची तक्रार फारशी नसतेच. शिवाय बिस्केच्या लाटा टाळायला कितीतरी प्रवासी रेल्वेने मार्सेय किंवा ब्रिंदिसी गाठून तिथे बोटीत चढत.

खरा उकाडा तांबड्या समुद्रात. तिथे बोट दक्षिण-आग्नेयेला जाते. डावी बाजू पूर्वेकडे, उजवी पश्चिमेकडे. म्हणजे डावीकडच्या केबिनवर सकाळचं ऊन आणि उजवीकडच्या केबिनवर दुपारचं. सावली दिवसभर कुणालाच नाही. दुपारी तापलेली लोखंडी भिंत रात्री उशिरापर्यंत निवत नाही, म्हणून सकाळचं ऊन परवडलं, एवढंच म्हणता येईल. परतताना उलट, तेव्हा उजवी बाजू पूर्वेला. इथेही हिशोब थोडाफार गोष्टीच्या बाजूने जातो, हे मान्य करायलाच हवं. पण वाऱ्याचं काय? तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात वारा वायव्य-उत्तरेकडून वाहतो. मुंबईकडे येणाऱ्या बोटीच्या तो पाठीमागून येतो, म्हणजे आगबोटीच्या वेगात वारा लागतच नाही. अशा रात्री डावी काय आणि उजवी काय. त्या काळातल्या प्रवासवर्णनांत प्रवासी गाद्या उचलून डेकवर झोपायला गेल्याचं वारंवार येतं, पुरुष एकीकडे आणि बायका दुसरीकडे.

एडनहून मुंबई सुमारे १,६५० सागरी मैल. बोटीचं तोंड जवळजवळ पूर्वेला, किंचित उत्तरेकडे कललेलं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला, डावी बाजू सावलीत. पण मुंबईकरांना शून्य सावलीचा दिवस माहीत आहे. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात मुंबईत दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. एडन आणखी दक्षिणेला, तिथे ही स्थिती एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत टिकते. म्हणजे ऐन उन्हाळ्यात अरबी समुद्रावर ‘सावलीची बाजू’च बदलते. त्यात जूनपासून पावसाळा. आभाळ भरलेलं, समुद्र खवळलेला, केबिनच्या गोल खिडक्या पाणी आत येऊ नये म्हणून घट्ट बंद. तेव्हा उन्हाचा प्रश्नच उरत नाही.

तरीही साहेब लोकांची ये-जा मुख्यतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये यायची आणि मार्च-एप्रिलमध्ये जायची अशी होती. त्या महिन्यांत, जाणकार प्रवासी येताना डावी बाजू मागत असतील, तर त्यात नवल नाही. मी ते नाकारत नाही. पण कुणीतरी डावीकडची केबिन मागितली, यावरून त्या मागणीचं चार अक्षरी नाव होतं हे सिद्ध होत नाही. त्या नावाचा शिक्का होता हे तर त्याहून नाही.

आणि शिक्क्याचा पुरावा शून्य आहे. पी अँड ओ ही काही कागदपत्रं न ठेवणारी कंपनी नव्हती. १८३७ पासूनची कंपनी, १८४० मध्ये राणीची सनद मिळालेली, सरकारी टपाल वाहणारी. तिची प्रवासी यादी, दरपत्रकं, जाहिराती, केबिनचे नकाशे, तिकिटं असं किती तरी आज संग्रहात आहे. अशी अक्षरं असलेलं एकही तिकीट आजवर पुढे आलेलं नाही. अशी पद्धत असल्याचा पुरावा आपल्याकडे नाही, असं खुद्द कंपनीच्या बाजूनेही सांगितलं गेलं आहे. एवढ्या बोटी, एवढे प्रवासी, दशकानुदशकांचा व्यवहार, आणि जांभळ्या शिक्क्याचा एक कागद कुणाच्या आजोबांच्या पेटीत राहू नये? ज्या लोकांनी जेवणाची मेनूकार्डंसुद्धा जपून ठेवली, त्यांच्याकडे?

व्यवहाराच्या अंगानेही बघा. इकडे नोकरीवर येणारा अधिकारी काही वर्षांनी लांबच्या रजेवर परत जायचा. कोणत्या बोटीने, कोणत्या महिन्यात, हे येताना कुठून ठरणार? परतीची केबिन परतीच्या वेळी ठरायची. १८६९ च्या नोव्हेंबरात सुएझ कालवा उघडण्याआधी तर एका बाजूच्या प्रवासालाच दोन बोटी लागत: एक इंग्लंडहून अलेक्झांड्रियापर्यंत, मग कैरोमार्गे जमिनीवरून सुएझ, आणि तिथून दुसरी बोट. मग कुठल्या बोटीची कुठली बाजू तिकिटावर छापणार?

या बोटी आपल्याला परक्या नाहीत, म्हणून हे जरा आग्रहाने लिहितो आहे. सावरकरांनी १९१० च्या जुलैमध्ये मार्सेय बंदरात समुद्रात उडी घेतली ती ‘मोरिया’ पी अँड ओचीच होती, मुंबईकडेच येत होती. गांधीजी गोलमेज परिषदेला निघाले, २९ ऑगस्ट १९३१ ला, ती ‘राजपुताना’ही त्याच कंपनीची. माझगाव गोदीसुद्धा १९६० मध्ये सरकारने घेण्याआधी पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या ताब्यात होती. एवढा खरा इतिहास हाताशी असताना बनावट शिक्क्याची गरज काय?

आता शब्दाचं वय. पॉश हा शब्द तिकिटावरून आला असता, तर त्याच्या सगळ्यात जुन्या खुणा बोटींच्या, प्रवासाच्या, हिंदुस्थानच्या संदर्भात मिळायला हव्या होत्या. मिळतात भलतीकडेच. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या चोरांच्या आणि फेरीवाल्यांच्या बोलीत ‘पॉश’ म्हणजे पैसा, त्यातही अगदी छोटं नाणं, अर्धी पेनी. युरोपातल्या भटक्या रोमानी लोकांच्या भाषेत ‘पॉश’ म्हणजे अर्धा, तिथून तो आला असं मानतात. १८९० च्या सुमाराच्या एका बोलीकोशात त्याचा दुसरा अर्थ दिला आहे: छानछोकीने राहणारा, नटवा माणूस. ‘थाटाचा’ या आजच्या अर्थाने तो स्पष्टपणे सापडतो १९१४ मध्ये, ब्रिटिश सैन्याविषयीच्या एका पुस्तकात. त्यात घोडदळातले शिपाई संधी मिळेल तेव्हा ‘पॉश’ कपडे घालतात, असं म्हटलं आहे. म्हणजे सरकारी गणवेशाबाहेरचे, स्वतःच्या पैशाचे, झकपक कपडे. १९१८ मध्ये ‘पंच’ साप्ताहिकातही तो एका तरुणाच्या तोंडी येतो. शिपायांची बराक, लंडनचे रस्ते. बोट कुठेच नाही.

आणि बोटीची गोष्ट छापील स्वरूपात पहिल्यांदा दिसते १९३५ मध्ये, लंडनच्या ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’मधल्या वाचकाच्या पत्रात. शब्द सर्रास चालू झाल्यावर निदान वीस वर्षांनी. त्यातही ती अमेरिकी जहाजांची परिभाषा म्हणून सांगितली आहे, मुंबईच्या बोटींची म्हणून नव्हे! मुंबई, साहेब आणि जांभळी शाई ही सजावट गोष्ट तोंडातोंडी फिरता फिरता चढत गेली. ऑक्सफर्डचा मोठा कोश या शब्दाचं मूळ निश्चित नाही असंच नोंदवतो. मला वाटतं, चोरबोलीतल्या पैशापासून नटव्या माणसापर्यंत आणि तिथून झकपक कपड्यांपर्यंत अर्थ सरकला असावा. हा माझा अंदाज, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. रोमानी ही भाषा मराठीच्याच कुळातली, म्हणून ‘पॉश हा मूळचा आपलाच शब्द’ असा नवा मजकूर कुणी या लेखावरून तयार करू नये, ही विनंती.

आद्याक्षरांचा मुद्दा थोडक्यात. आद्याक्षरं जोडून उच्चारायचा शब्द बनवण्याची सवय इंग्रजीला लागली ती मुख्यतः दोन महायुद्धांच्या काळात. रडार हा तसा खरा शब्द आहे, १९४० च्या आसपासचा. आपल्या कचेऱ्यांतला लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा पॉश कायदाही खराच आद्याक्षरांचा. पण जुन्या शब्दांना मागाहून आद्याक्षरं चिकटवलेली असतात. न्यूज म्हणजे चार दिशा, हे तसंच. तो शब्द ‘न्यू’वरून आला आहे. एसओएस म्हणजे ‘सेव्ह अवर सोल्स’ हेही नाही. तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं हा मोर्स संकेत गोंधळातही सहज ओळखू येतो म्हणून निवडला. १९०६ च्या बर्लिन परिषदेत तो आंतरराष्ट्रीय ठरला आणि वाक्य नंतर बसवलं गेलं.

‘पण हे इतक्या पुस्तकांत छापलंय’ असं उत्तर येतं. येऊ दे. त्या पुस्तकांनी एकमेकांवरून घेतलं आहे. त्यांतल्या एकानेही तिकीट दाखवलेलं नाही.

उरलं एकच. या गोष्टीत पी अँड ओच्या बोटीवर प्रवासी आहेत, कंपनीचा कारकून आहे, बोट चालवणारं कुणीच नाही. प्रत्यक्षात डेकवर रत्नागिरीचे आणि गुजरात किनाऱ्याचे खलाशी होते, त्यांच्यावर सारंग आणि टिंडल हे मुकादम. बॉयलरपाशी आगवाले, बहुतेक पंजाबी आणि पठाण. जेवणाच्या सलूनमध्ये गोयंकार, जे मुंबईत उतरले की धोबीतलावच्या आपापल्या गावाच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, मुक्कामाला जायचे. या मंडळींची स्वतःची बोली होती, लश्करी. तिच्यात मराठी, गुजराती, हिंदुस्थानी, फारसी, पोर्तुगीज सगळं एकत्र नांदत होतं. तिच्यात पोर्ट-स्टारबोर्ड नव्हतं. उजवी बाजू ‘जमना’, डावी ‘डावा’. गुजरातीत आजही उजव्याला ‘जमणुं’ म्हणतात, आणि डावा तर आपल्या घरचाच शब्द. गोऱ्या अधिकाऱ्याला हे शब्द शिकावे लागत, नाहीतर त्याचा हुकूम कुणाला कळणार? म्हणूनच कॅप्टन थॉमस रोबक याने १८११ साली कलकत्त्यात इंग्रजी-हिंदुस्थानी नौकाशब्दांचा कोश छापला. त्यात ‘डावा’चा अर्थ ‘लार्बोर्ड’ असा दिला आहे. ‘पोर्ट’चा नौदली हुकूम निघायला तेव्हा अजून ३३ वर्षं होती.